पाच सेकंदांची तफावत: कलियाना–कल्याणपूर प्रकरण आणि भूकवचाचे समस्थायित्व

प्रकरणाची मांडणी

उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगरजवळचे कलियाना आणि मध्य प्रदेशातील सिरोंजजवळचे कल्याणपूर ही दोन ठिकाणे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर असून त्यांच्यात सुमारे ६०० किलोमीटरचे अंतर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात या दोन ठिकाणांच्या अक्षांशांतील फरक दोन स्वतंत्र मार्गांनी काढण्यात आला. जमिनीवर मोजलेल्या त्रिकोणांच्या साखळीवरून तो ५ अंश २३ मिनिटे ४२.२९४ सेकंद आला, तर ताऱ्यांच्या वेधांवरून ५ अंश २३ मिनिटे ३७.०५८ सेकंद आला. दोहोंत ५.२३६ सेकंदांची तफावत राहिली. जमिनीवर तिचे माप सुमारे १६० मीटर होते.

सहाशे किलोमीटरमध्ये १६० मीटर म्हणजे फार नव्हे, असे कोणालाही वाटेल. परंतु या एका तफावतीचा उलगडा करताना पृथ्वीचे भूकवच खालच्या अधिक घन थरावर तोलून राहिलेले आहे, ही कल्पना प्रथमच आकड्यांच्या आधाराने पुढे आली. आज आपण तिला समस्थायित्व म्हणतो. पाठ्यपुस्तकांत हे प्रकरण प्रॅट आणि एअरी या दोन नावांपुरते आटोपले जाते आणि वाचकाच्या हाती दोन आकृत्या तेवढ्या उरतात. माझ्या मते मूळ प्रकरण त्याहून कितीतरी अधिक शिकवते. कारण हिमालय आणि गंगेचे मैदान यांच्यामधला समतोल त्या दोन आकृत्यांपैकी कोणत्याही एकीत पूर्ण बसत नाही, आणि तो का बसत नाही हे कलियानाच्याच आकड्यांतून समजू शकते.

चूक मोजणीत होती का

या सर्वेक्षणाला विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून सुरुवात केली. दक्षिणोत्तर कंसाचे, म्हणजे रेखावृत्ताच्या दिशेने जाणाऱ्या लांब पट्ट्याच्या मोजणीचे, काम पुढे नेत असतानाच १८२३ मध्ये विदर्भातील हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले, आणि जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. पर्वताच्या आकर्षणामुळे वेध बिघडण्याची शक्यता एव्हरेस्ट यांना ठाऊक होती. त्यामुळेच खगोलीय वेधांचे उत्तरेकडील ठाणे त्यांनी डोंगराला लागून न घेता मैदानात, कलियाना येथे घेतले. एव्हरेस्ट आणि त्यांचे सहकारी अँड्र्यू वॉ यांनी कलियाना आणि कल्याणपूर येथून त्याच ताऱ्यांचे वेध एकाच काळात घेतले, जेणेकरून ताऱ्यांच्या स्थानांतील अनिश्चितता दोन्हीकडे सारखीच राहून वजाबाकीत निघून जावी.

तफावत निघाल्यावर एव्हरेस्ट यांनी ती त्रिकोणीकरणात साचत गेलेली चूक मानली आणि १८४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात ती कंसावर विभागून टाकली. साखळी लांब होती, कोन हजारो होते, आणि लहान चुका साचतात हे खरेच आहे. तरीही हा निष्कर्ष टिकणारा नव्हता. सिरोंज आणि डेहराडून या दोन्ही ठिकाणी तापमानाचा परिणाम आपोआप सावरणाऱ्या धातूच्या दुहेरी दांड्यांनी आधाररेषा मोजलेल्या होत्या, आणि सिरोंजच्या रेषेपासून त्रिकोणांच्या साखळीने काढलेली डेहराडूनच्या रेषेची लांबी प्रत्यक्ष मोजलेल्या लांबीशी काही इंचांच्या फरकाने जुळली होती. कलियाना याच साखळीत, या दोन आधाररेषांच्या दरम्यान येते. ज्या साखळीची दोन्ही टोके इंचांत जुळतात, तिच्या मधल्या एका बिंदूवर दीडशे मीटरहून अधिक चूक लपून राहणे अतिशय अवघड आहे. तेव्हा संशय दुसऱ्या मार्गाकडे, म्हणजे ताऱ्यांच्या वेधांकडे, आणि त्यातही वेधाला आधारभूत असलेल्या ओळंब्याकडे वळायला हवा होता.

ताऱ्यावरून अक्षांश काढताना खस्वस्तिक, म्हणजे डोक्याच्या थेट वरचा आकाशातील बिंदू, निश्चित करावा लागतो, आणि तो ओळंब्याच्या किंवा पाणसळीच्या आधारानेच ठरतो. ओळंबा स्थानिक गुरुत्वाची एकूण दिशा दाखवतो, आणि त्या दिशेत आजूबाजूच्या प्रत्येक डोंगराचा व प्रत्येक दरीचा वाटा असतो. कलियाना येथे उत्तरेला हिमालयाचे प्रचंड वस्तुमान आहे. ते ओळंब्याचे टोक किंचित उत्तरेकडे ओढते. त्यामुळे खस्वस्तिक किंचित दक्षिणेकडे सरकते आणि निघणारा अक्षांश खऱ्यापेक्षा कमी येतो. कल्याणपूर दूर असल्याने तेथे हा परिणाम कमी असतो. म्हणून दोन ठिकाणांच्या खगोलीय अक्षांशांतील फरक जमिनीवरच्या मोजणीपेक्षा कमीच यायला हवा, आणि तो तसा आलाही. तफावतीची दिशा बरोबर होती. प्रश्न तिच्या परिमाणाचा होता.

हे किती सूक्ष्म मोजमाप होते, याची कल्पना एका हिशेबावरून येईल: ओळंबा तीन मीटर लांब असला, तर ५.२३६ सेकंदांच्या झुकावाने त्याचे टोक एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी, सुमारे ०.०८ मिलिमीटर, सरकते.

प्रॅट यांचा हिशेब

कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट हे धर्मोपदेशक असले तरी त्यांचे शिक्षण केंब्रिजच्या गणितपरंपरेत झाले होते. पर्वताचे आकर्षण नेमके किती असावे, हे अंदाजाने न ठरवता मोजून काढावे, असे त्यांनी ठरवले. त्यासाठी कलियाना, कल्याणपूर आणि दक्षिणेकडे बीदरच्या परिसरातील दामरगिद्दा या तीन ठाण्यांभोवतीचा प्रदेश त्यांनी तुकड्यांत विभागला, प्रत्येक तुकड्याची सरासरी उंची घेतली, त्यातील खडकाचे वस्तुमान काढले आणि त्या सर्वांच्या आडव्या ओढीची बेरीज केली. संगणक नसलेल्या काळातील हे काम चिकाटीचे होते. ते आज वाचतानाही मला विलक्षण आदर वाटतो.

त्यांचे उत्तर असे आले: कलियाना येथे ओळंबा उत्तरेकडे २७.८५३ सेकंद झुकलेला असावा, कल्याणपूर येथे ११.९६८ सेकंद, आणि दामरगिद्दा येथे ६.९०९ सेकंद. कलियानाचा आकडा म्हणजे पर्वताची आडवी ओढ गुरुत्वाच्या सुमारे ७,४०० व्या भागाइतकी. पहिल्या दोन आकड्यांतील फरक १५.८८५ सेकंद होतो. म्हणजे हिमालय जर दिसतो तसा मैदानाच्या पातळीवर ठेवलेला अधिकचा खडक असेल, तर तफावत १५.८८५ सेकंद असायला हवी होती. प्रत्यक्षात ती केवळ ५.२३६ सेकंद होती. पर्वताची ओढ अपेक्षेच्या जवळपास एक तृतीयांशच भरली. १०.६४९ सेकंदांचा हिशेब लागेना.

या ठिकाणी प्रकरण उलटते, आणि माझ्या मते त्याचे खरे महत्त्व येथेच आहे. तोपर्यंतचा प्रश्न तफावत का आहे, हा होता. प्रॅट यांच्या हिशेबानंतर प्रश्न उरला तो तफावत इतकी लहान का आहे, हा.

प्रॅट यांच्या आकड्यांची एक मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. हिमालयाच्या अलीकडच्या भागाच्या उंचीची त्यांना बरीच माहिती होती, परंतु पलीकडच्या तिबेटबद्दल फार थोडी, आणि हे त्यांनी स्वतः स्पष्टपणे नोंदवले आहे. ज्ञात प्रदेश आणि संशयास्पद प्रदेश अशी विभागणी करून दोहोंचा परिणाम त्यांनी वेगवेगळा मांडला. उंची वा घनता पटेल इतकी कमी धरूनही उत्तर ५.२३६ पर्यंत खाली येत नाही, हेही त्यांनी तपासले. मात्र या शोधनिबंधात त्यांनी पर्वताखालच्या न्यूनतेची, म्हणजे तेथे वस्तुमान कमी असण्याची, कल्पना मांडली नाही. भारतातील कंसाची वक्रता पृथ्वीच्या सरासरी वक्रतेहून वेगळी असावी, या दिशेने त्यांनी स्पष्टीकरण शोधले. समतोलाचा त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नमुना त्यांनी पुढच्या काही वर्षांत मांडला.

एअरी यांचे उत्तर

प्रॅट यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर डिसेंबर १८५४ मध्ये वाचला गेला, आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये ब्रिटनचे राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज बिडेल एअरी यांचा अवघ्या काही पानांचा निबंध त्याच सोसायटीसमोर आला. एअरी यांनी सांगितले की या निकालाचे आपल्याला प्रथम आश्चर्य वाटले, परंतु विचार केल्यावर असेच व्हायला हवे होते, हे ध्यानात आले.

त्यांचा युक्तिवाद बळाच्या प्रश्नापासून सुरू होतो. शंभर मैल रुंद आणि दोन मैल उंच पठार दहा मैल जाडीच्या भूकवचावर नुसते ठेवलेले आहे, असे समजा. ते वजन पेलण्याइतकी ताकद खडकात नाही. भूकवच तडकेल आणि पठार खाली खचेल. कवच याहून कितीतरी जाड धरले तरी अडचण संपत नाही. मग पठारे उभी कशी आहेत? एअरी यांच्या मते ती खालच्या अधिक घन पदार्थात बुडालेली आहेत, आणि बुडालेल्या भागाच्या उद्धरणाने, म्हणजे त्याला खालून वर उचलणाऱ्या बलाने, तोलली गेली आहेत. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांची उपमा त्यांचीच आहे: ज्या ओंडक्याचा माथा पाण्याबाहेर अधिक उंच दिसतो, त्याचा तळ पाण्यात अधिक खोल असणारच.

यातून ओळंब्याबद्दल जो निष्कर्ष निघतो, तो एअरी यांनी नेमकेपणाने मांडला, परंतु पाठ्यपुस्तकांत तो बहुधा गळतो. पर्वताच्या वर अधिकचे वस्तुमान आहे आणि खाली, जेथे घन पदार्थाऐवजी पर्वताचे हलके मूळ, म्हणजे त्याचा बुडालेला भाग, घुसले आहे, तेथे तेवढेच वस्तुमान कमी आहे. दूरच्या ओळंब्यासाठी ही बेरीज आणि वजाबाकी जवळजवळ एकाच अंतरावर असतात, म्हणून एकमेकींना खाऊन टाकतात. जवळच्या ओळंब्यासाठी मात्र वरचे वस्तुमान खालच्या न्यूनतेपेक्षा बरेच जवळ असते आणि त्याच्याच पातळीत आडवे ओढते. न्यूनता खोल असल्याने तिचा आडवा परिणाम कमी पडतो. म्हणून डोंगराच्या पायथ्याशी ओळंबा ठळकपणे झुकावा, आणि अंतर वाढताच तो झुकाव साध्या हिशेबापेक्षा कितीतरी वेगाने नाहीसा व्हावा. पर्वताचे आकर्षण खोटे नव्हते. त्याच्या जोडीला असलेली न्यूनता कोणी मोजलेली नव्हती.

दोन नमुने आणि त्यांचे आकडे

प्रॅट यांच्या नंतरच्या मांडणीत समतोल वेगळ्या प्रकारे साधला जातो. भूकवचाचे शेजारी-शेजारी उभे स्तंभ कल्पिले, तर त्यांच्या मते सर्व स्तंभांचा तळ एकाच खोलीवर आहे; उंच स्तंभातील खडक कमी घन, सखल स्तंभातील अधिक घन. एअरी यांच्या नमुन्यात घनता सारखी आणि तळाची खोली वेगवेगळी. प्रॅट यांच्या नमुन्यात तळ सारखा आणि घनता वेगवेगळी. दोहोंची अट एकच आहे: ठरावीक खोलीच्या खाली, कोठेही मोजले तरी, वरच्या स्तंभाने टाकलेला दाब सारखा असला पाहिजे.

एअरी यांच्या नमुन्याने तिबेटचा हिशेब करून पाहता येतो. भूकवचाची घनता घन सेंटिमीटरला २.८ ग्रॅम आणि प्रावरणाची, म्हणजे भूकवचाखालच्या जाड खडकाच्या थराची, ३.३ ग्रॅम धरू. समुद्रसपाटीच्या वर जो ५ किलोमीटरचा खडक आहे त्याचे वजन मुळाच्या उद्धरणाने पेलायचे, तर मुळाची जाडी ५ गुणिले २.८ भागिले ०.५, म्हणजे २८ किलोमीटर हवी. समुद्रसपाटीच्या खंडीय भागात भूकवचाची जाडी सुमारे ३५ किलोमीटर धरली, तर तिबेटखाली एकूण जाडी ३५ अधिक ५ अधिक २८, म्हणजे ६८ किलोमीटर येते. भूकंपलहरींवरून मोजलेली तेथील जाडी ६५ ते ८० किलोमीटरच्या दरम्यान आहे. इतक्या साध्या हिशेबाने वास्तवाच्या इतके जवळ पोहोचता यावे, हे एअरी यांच्या विचाराचे मोठे यश आहे. प्रॅट यांच्या नमुन्याने तेच पठार पेलायचे, तर १०० किलोमीटर खोलीपर्यंतच्या स्तंभाची सरासरी घनता सुमारे पाच टक्क्यांनी कमी धरावी लागते. हिमालयासाठी एअरी यांचा नमुना सत्याच्या जवळ आहे. मध्यसागरी पर्वतरांगांसाठी मात्र प्रॅट यांचाच विचार लागू पडतो, कारण तेथील उंची जाड भूकवचामुळे नसून खालचा उष्ण व म्हणून प्रसरण पावलेला पदार्थ हलका असल्यामुळे आहे. या दोघांपैकी जिंकले कोण, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो.

हिमालयाला इतके जाड मूळ कोठून आले, याचे उत्तर या दोघांच्याही हाती नव्हते. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत आशियाई भूपट्टाखाली शिरत आहे. आजही दोहोंतील अंतर वर्षाला चार ते पाच सेंटिमीटरने कमी होते. हलके खंडीय भूकवच प्रावरणात खोल बुडू शकत नाही, म्हणून ते आखडते, घड्या घालते, एकावर एक चढते आणि जाड होते. जाड झाले की ते तरंगण्याच्या नियमाने वर उचलले जाते आणि खालीही रुतते. पर्वत आणि त्याचे मूळ ही एकाच आखडण्याची दोन टोके आहेत.

तरंगायला द्रव लागतो का

एअरी यांनी खालचा पदार्थ लाव्ह्यासारखा द्रव मानला होता, आणि हा भाग टिकला नाही. भूकंपाच्या दुय्यम लहरी, म्हणजे खडकाला आडवे हलवणाऱ्या लहरी, द्रवातून जाऊ शकत नाहीत. त्या संपूर्ण प्रावरणातून जातात. म्हणजे प्रावरण द्रव नसून घनरूप आहे. तरीही समतोल साधला जातो, कारण अतिशय दीर्घ काळ दाब राहिला तर उष्ण घन खडकही हळूहळू वाहतो.

याचा प्रत्यक्ष पुरावा स्कँडिनेव्हियात मिळतो. गेल्या हिमयुगात त्या प्रदेशावर किलोमीटरभरापेक्षा अधिक जाडीचा बर्फ होता आणि त्याच्या वजनाने जमीन खचली होती. बर्फ वितळून सुमारे दहा हजार वर्षे झाली, तरी बॉथ्नियाच्या आखाताच्या उत्तर भागात जमीन आजही वर्षाला सुमारे ९ ते १० मिलिमीटरने वर येत आहे. जमिनीच्या या उठावावरून १९३५ मध्ये नॉर्मन हॅस्केल यांनी प्रावरणाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, सुमारे १०²¹ पास्कल-सेकंद असल्याचे काढले, आणि हा आकडा आजवर फारसा बदललेला नाही. ओझे टाकल्यावर किंवा काढल्यावर समतोल परत यायला हजारो वर्षे लागतात. पर्वतांचे आयुष्य कोट्यवधी वर्षांचे असल्याने त्यांच्यापुरता हा विलंब नगण्य ठरतो.

याच कारणाने झिजेचा हिशेबही बदलतो. वरील घनता धरल्या आणि एखाद्या विस्तीर्ण उंच प्रदेशावरून एक किलोमीटर जाडीचा खडक नद्यांनी वाहून नेला, तर हलका झालेला स्तंभ सुमारे ८५० मीटर वर येतो. उंची केवळ दीडशे मीटरने घटते. पाच किलोमीटर उंचीचे पठार सपाट करायचे, तर वरचे पाच आणि खालचे अठ्ठावीस असे एकूण ३३ किलोमीटर खडक काढावे लागतील. जुन्या, झिजलेल्या पर्वतरांगांच्या गाभ्यात एकेकाळी वीस-तीस किलोमीटर खोलीवर तयार झालेले रूपांतरित खडक आज उघड्यावर का दिसतात, ते यावरून कळते.

लंबकाची साक्ष

ओळंबा गुरुत्वाची दिशा सांगतो, लंबक त्याचे परिमाण. म्हणून पुढचा पुरावा लंबकाने द्यायचा होता. १८६५ पासून कॅप्टन जेम्स बॅसेव्ही यांनी भारतभर लंबकाची निरीक्षणे घेतली, आणि शेवटी लडाखमधील मोरे येथे, पंधरा हजार फुटांहून अधिक उंचीवर, उपकरणे नेली. पर्वताच्या अतिरिक्त वस्तुमानामुळे तेथे गुरुत्व जितके अधिक असायला हवे होते तितके ते नव्हते. अधिकच्या खडकाचा बहुतेक परिणाम खालच्या न्यूनतेने खाऊन टाकला होता. या निरीक्षणांनंतर जुलै १८७१ मध्ये तेथेच, त्या कडक थंडीत, बॅसेव्ही यांचा मृत्यू झाला. त्यांच्या एका निरीक्षणाची किंमत मोजताना हे विसरू नये.

आजच्या मापांत हीच गोष्ट अशी सांगता येते. समुद्रसपाटीच्या वरचा पाच किलोमीटर खडक गुरुत्वात सुमारे ५६० मिलिगॅलची (मिलिगॅल हे गुरुत्वातील लहान फरक मोजण्याचे एकक) भर घालतो. ही भर हिशेबातून वजा केल्यावर तिबेटवरील गुरुत्व सामान्य मूल्यापेक्षा ५०० मिलिगॅलच्या आसपास कमी भरते. वर जितके अधिक, जवळजवळ तितकेच खाली कमी. अमेरिकेत भूगणितज्ञ जॉन हायफर्ड यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शेकडो ठाण्यांवरील ओळंब्यांच्या झुकावात समतोलाची दुरुस्ती लावली, तेव्हा उरणारी तफावत मूळच्या एका लहानशा अंशावर आली. दरम्यान १८८९ मध्ये भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन यांनी या स्थितीला आज रूढ असलेले नाव, आयसोस्टसी (समस्थायित्व), दिले होते.

गंगेचे मैदान: जेथे स्तंभांचा हिशेब मोडतो

येथवरची कथा नीट जुळते, आणि बहुतेक वर्णने येथेच थांबतात. परंतु हायफर्ड यांची पद्धत भारतात लावली, तेव्हा ती अमेरिकेइतकी चालली नाही. भारतीय सर्वेक्षण खात्याचे सिडनी बरार्ड यांनी दाखवले की डेहराडूनसारख्या पायथ्याच्या ठाण्यावर ओळंबा तीस सेकंदांहून अधिक उत्तरेकडे झुकतो, मात्र मैदानात थोडे दक्षिणेला येताच तो झुकाव समतोलाच्या हिशेबापेक्षाही झपाट्याने संपतो, आणि पुढे मैदानाच्या दक्षिण भागात ओळंबा उलट दक्षिणेकडे ओढला जातो. त्यांनी यासाठी द्वीपकल्पाच्या उत्तर भागात जमिनीखाली दडलेली घन खडकांची रांग कल्पिली, आणि पुढे हिमालयाच्या पायथ्याशी खोल भेगेची कल्पना मांडली. भूवैज्ञानिक रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी १९१७ मध्ये दिलेले उत्तर अधिक पटणारे होते: मैदानाखाली हिमालयाकडे खोल होत जाणारा, हलक्या गाळाने भरलेला खळगा आहे, आणि त्या गाळाच्या कमी घनतेचा परिणाम ओळंब्यावर दिसतो.

हा खळगा मुळात का आहे, या प्रश्नातून समस्थायित्वाची आजची समज येते. एअरी आणि प्रॅट या दोघांच्याही नमुन्यांत प्रत्येक स्तंभ शेजारच्या स्तंभापासून मोकळा असून स्वतःपुरता तोललेला आहे. खरे शिलावरण असे तुकड्यातुकड्यांचे नाही. भूकवच आणि प्रावरणाचा वरचा थंड भाग मिळून ते एक ताठर, परंतु वाकू शकणारे पटल बनते. एखाद्या ठिकाणी ओझे आले, तर फक्त त्याच्याखालचा भाग खचत नाही. आजूबाजूचा शेकडो किलोमीटरचा पट्टाही वाकून त्या ओझ्याचा वाटा उचलतो. डच भूगणितज्ञ फेलिक्स व्हेनिंग माइनेस यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रादेशिक समतोलाचा विचार गणिताने मांडला. भारतीय पटलाचे उत्तरेकडील टोक हिमालयाच्या वजनाखाली वाकले आहे. त्या वाकातून पायथ्याशी खळगा तयार झाला, आणि गंगा, यमुना व त्यांच्या उपनद्यांनी तो गाळाने भरला. पायथ्याशी या गाळाची जाडी काही किलोमीटर आहे आणि दक्षिणेकडे, द्वीपकल्पाच्या जुन्या खडकापर्यंत जाता जाता ती शून्यावर येते.

गुरुत्वाची मोजमापे याला दुजोरा देतात. उंचीची दुरुस्ती केल्यावर उच्च हिमालयाच्या रांगेवर गुरुत्व सामान्यापेक्षा अधिक भरते, आणि लगतच्या मैदानावर कमी. प्रत्येक स्तंभ आपापला तोललेला असता, तर इतके मोठे आणि इतके सुसंगत फरक दिसलेच नसते. रांगेखालचे मूळ तिच्या वजनाच्या मानाने अपुरे आहे. उरलेले वजन ताठर पटलाने पेलले आहे, आणि त्याची किंमत मैदान आपल्या जागेवर खचून चुकवते. रांग आणि मैदान मिळून विस्तीर्ण पट्ट्याचा हिशेब केला, की जमा आणि खर्च पुन्हा एकमेकांच्या जवळ येतात. माझ्या मते समस्थायित्वाविषयी जपून ठेवावी अशी गोष्ट हीच आहे: समतोल एखाद्या बिंदूचा नसतो, तो एका रुंदीचा असतो, आणि ती रुंदी पटलाच्या ताठरपणावर ठरते. थंड, जुने पटल ताठर असते व ओझे दूरवर पसरवते. उष्ण, तरुण पटल मऊ असते आणि त्यावरचे स्तंभ एअरी यांच्या ओंडक्यांच्या बरेच जवळ जातात.

कलियानाचा आकडा पुन्हा वाचताना

आता हिशेब न लागलेल्या १०.६४९ सेकंदांकडे परत जाता येते. त्यांचा पहिला आणि मोठा वाटा हिमालय व तिबेटच्या खोल मुळाचा आहे. ते नसते तर ओळंबा प्रॅट यांच्या आकड्याच्या जवळ झुकला असता. दुसरा वाटा कलियानाच्या स्वतःच्या पायाखाली आहे. हे ठाणे गाळाच्या खळग्यावर आहे, आणि तो खळगा उत्तरेकडे खोल होत जातो. म्हणजे उत्तरेला हलका पदार्थ अधिक आणि दक्षिणेला द्वीपकल्पाचा घन खडक अधिक वर. ही रचना ओळंब्याला दक्षिणेकडे ओढते आणि हिमालयाची ओढ आणखी कमी करते. तिसरा वाटा वाकलेल्या पटलाचा आहे: भूकवचाचा तळ डोंगराखाली अचानक न खचता मैदानाखालूनच उत्तरेकडे उतरत जातो, त्यामुळे न्यूनतेचा काही भाग एअरी यांनी कल्पिला होता त्यापेक्षा कलियानाला अधिक जवळ येतो, आणि जवळची न्यूनता अधिक परिणाम करते.

याशिवाय ५.२३६ हा एका ठाण्यावरचा झुकाव नसून दोन ठाण्यांमधला फरक आहे, हेही ध्यानात घ्यावे लागते. कल्याणपूर हा भारतीय सर्वेक्षणाचा आरंभबिंदू. तेथील ओळंबा स्वतः सरळ आहे असे धरून इतरांचे झुकाव मोजले गेले, परंतु त्याच्याही भोवती माळव्याचे पठार आणि वाकलेल्या पटलाचा दक्षिणेकडील किंचित उचललेला भाग आहे. म्हणून १५.८८५ पैकी ५.२३६ उरले, एवढ्यावरून हिमालय दोन तृतीयांश तोललेला आहे असे म्हणणे चुकीचे ठरेल, जरी तसे विधान अधूनमधून वाचायला मिळते. तो आकडा पर्वताचे मूळ, गाळाचा खळगा, वाकलेले पटल आणि दोन्ही ठाण्यांची स्थानिक रचना या सर्वांचा एकत्रित परिणाम आहे. त्यातील प्रत्येकाचा वाटा वेगळा करण्यासाठी भूकंपलहरींनी मोजलेली भूकवचाची जाडी, वेधनविहिरींतून कळलेली गाळाची खोली आणि गुरुत्वाची दाट मोजमापे एकत्र आणावी लागतात. एकट्या ओळंब्याला ते शक्य नव्हते.